एका शब्दाचं टोक

नववीतला इंग्रजीचा तास. धडा वाचताना मी 'पॉयग्नंट' असं वाचलं. सरांनी थांबवलं. "यातला जी मुका आहे. पॉयन्यंट म्हण." अर्थ मात्र सांगितला नाही. उलट विचारलं, "पंक्चर कशानं होतं?"

"टोचल्यानं," आम्ही सगळे.

"मग हा शब्दही टोचण्याचाच."

फळा भरत गेला. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. त्यातूनच पंक्चर, विरामचिन्हांचं पंक्चुएशन, आणि ठरल्या क्षणाच्या टोकावर हजर राहणारा पंक्चुअल. फ्रेंचमार्गे पॉयन्यंट इंग्रजीत आला तो १४व्या शतकात, आणि तेव्हा तो चवीलाही लागत असे. त्याच शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक खवय्या जमीनदार आहे. सॉस झणझणीत नसला तर त्याच्या स्वयंपाक्याची धडगत नसे, आणि त्या सॉसला चॉसरनं वापरलेलं विशेषण हेच! पुढे चवीचा अर्थ मागे पडला, मनाचा तेवढा उरला. चवीचं आणि वासाचं काम 'पंजंट' हे त्याचं भावंड आजही करतं.

मग सर म्हणाले, "आता आपलं बघा. तिखट कुठून आलं? तीक्ष्णपासून." जीभ आणि धार एकाच शब्दात नांदतात, हे आम्ही रोज बोलत होतो आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मला भाषा पहिल्यांदा दिसली असं म्हणेन.

आज मी भाषांतरं करतो. कोशात पॉयन्यंटपुढे 'हृदयस्पर्शी' असतं. मला ते पटत नाही. स्पर्श मऊही असतो. इथे टोक हवं. कधी 'चटका लावणारं' लिहितो, कधी 'जिव्हारी लागलेलं'. सर्वांत जवळचा मला 'सल' वाटतो. तो शल्यापासून आलेला, आणि शल्य म्हणजे बाणाचं टोक, आत रुतून राहिलेलं. पॉयन्यंटमध्ये नुसतं दुःख नसतं. जे गेलं ते सुंदर होतं, म्हणून ते टोचतं. हा गोडवा 'सल'मध्ये पुरता येत नाही, तेवढ्यासाठी मी अजून शब्द शोधतो आहे.

शाळेच्या महोत्सवाच्या निमंत्रणासोबत दिवंगत शिक्षकांची यादी आली. सरांचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. 'गोडवा असलेला सल' याला एका शब्दात काय म्हणायचं, हे त्यांनाच विचारायचं राहिलं होतं.