तीनला लागलं

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी प्रयोगशाळेत डिशमधल्या पेशींनी ठोका धरला. झोप येणार नाहीच, म्हणून लिहून ठेवते.

पेशी माणसाच्या. त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी (जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलेली वाट) आणि मूलपेशींपासून हृदयाच्या. त्या आपल्याआप धडधडतात, पण प्रत्येक पुंजक्याची लय निराळी. शिवाय कच्च्या, गर्भातल्या हृदयासारख्या. बरेच दिवस ठरावीक लयीत वीज दिली की आतले तंतू नीट ओळीत लागायला मदत होते, यासाठी हा खटाटोप.

मागच्या आठवड्याची डिश मी गमावली. वीज एकाच दिशेने दिली होती, तीही जास्त वेळ. इलेक्ट्रोडपाशी बुडबुडे धरले. लाल मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, एका टोकाला जांभळं, दुसऱ्या टोकाला पिवळं पडलं. पाण्याचं विघटन चालू होतं आणि पेशी तळापासून सुटून तरंगत होत्या. रडू आलं मला. त्या संध्याकाळी पावसात परळ स्टेशनकडे जाताना केईएम रुग्णालयावरून गेले. फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण इथेच केलं. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा हात घातला. फाटकापाशी जरा वेळ थांबले.

या वेळी कार्बनच्या कांड्या घेतल्या. दोन मिलिसेकंद एका दिशेने, लगेच तेवढीच उलट, म्हणजे भार साचत नाही. सेकंदाला एक झटका. सेंटिमीटरला एक व्होल्ट: काही नाही. दोन: एक कोपरा हलला. तीन: सगळी डिश एकदम आकसली, सुटली, आकसली. मुद्दाम अडीचवर आणलं तर कडेचे पुंजके पुन्हा आपापल्या लयीत गेले. परत तीन, परत सगळ्या एकत्र. किती वेळ भिंगाला डोळा लावून बसले होते कोण जाणे.

बाबांच्या पेसमेकरच्या तपासणीतही हेच करतात. व्होल्टेज हळूहळू उतरवत नेतात, ठोका कुठे निसटतो ते बघतात. तो त्यांचा उंबरठा. दर वेळी तो आकडा ते डायरीत लिहितात.

रात्री जेवताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाताचा घास तसाच हातात धरून विचारलं, "मग तुझ्यांना कितीला लागलं?"

"तीनला."

"मला पाऊण पुरतं," बाबा म्हणाले.

दोन्हींची एककं वेगळी आहेत, पण ते मी बोलले नाही.