व्याह्यांना मिरज दाखवताना

महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी मिरज पाहिलेली असते ती फलाटावरून. एक तर गाडी बदलायला इथं उतरायचं, नाहीतर पेशंट घेऊन दवाखान्यात यायचं. तिसऱ्या कारणानं कुणी मिरजेला येईल यावर आमच्या नातेवाइकांचाही विश्वास नाही. त्यामुळं अकोल्याच्या व्याह्यांचा ‘येतो म्हणतो दोन-चार दिवस’ असा फोन आला, तेव्हा आमच्या सौ.नी आधी विचारलं, “कुणाला काय झालंय?” कुणाला काही झालेलं नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलाला आमची मुलगी केली, पण सुनेचं गाव काही पाहिलं नव्हतं. लग्न आम्ही पुण्यात उरकलेलं.

महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघून अकोल्यावरून मिरजेला येते आणि पुढं कोल्हापूरला जाते. आदल्या दिवशी बसलेले व्याही रात्रभराच्या प्रवासानं आंबून उतरले. हातात संत्र्यांची पिशवी. घरी जाऊन अंघोळ, जेवण, झोप असा माझा बेत होता. पण फलाटावर पाय टेकवल्या टेकवल्या ते म्हणाले, “लातूरले पाणी गेलं ते इथूनच नं?”

इथूनच. एप्रिल २०१६, लातूरचा दुष्काळ. पाण्याच्या दहा टाक्यांची पहिली गाडी, एका टाकीत सुमारे ५० हजार लिटर, आणि लातूरपर्यंतची वाट साधारण ३४० किलोमीटरची. स्टेशनाच्या आवारात आदिलशाही काळातली हैदरखान विहीर आहे. गाड्या भरताना तिचं नाव पहिल्यांदा राज्यभर झालं. तोवर ती आमच्यातल्याही अर्ध्या लोकांना माहीत नव्हती. व्याह्यांना लगेच विहीर बघायची होती. उपसा किती, पंप कुठले, कृष्णेचं पाणी कसं आणलं, सगळं विचारून झालं. माझ्याकडं यातल्या कशाचंच उत्तर नव्हतं, तेव्हा त्यांना रुळांकडं वळवलं. एकेकाळी या स्टेशनात रुळांची तिन्ही मापं नांदत होती. पुण्या-कोल्हापूरची मोठी लाइन, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइनची छोटी गाडी. आषाढीला त्या छोट्या गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी असायचे. आता सगळं ब्रॉडगेज झालंय. सोय झाली हे खरंच, पण छोट्या गाडीची मजा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघालो. मिरज दाखवायची तर चालतच. रिक्षातून हे गाव म्हणजे नुसते दवाखान्यांचे बोर्ड. मराठी, कन्नड, इंग्रजी, एकाखाली एक. बेळगाव, विजापूर, बागलकोटकडचा पेशंट अजून डोळे झाकून मिरजेची वाट धरतो. याचं मूळ मिशन हॉस्पिटलात. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर मिशनरी म्हणून आला आणि १८९४ साली त्यानं इथं रुग्णालय उभं केलं. गावात वॉन्लेस हॉस्पिटल कुणी म्हणत नाही, ‘मिशन’ म्हणतात. पुढं १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेजही मिरजेलाच आलं. मग एक्स-रेवाले, औषधवाले, नातेवाइकांसाठी खोल्या देणारे, डबेवाले असा सगळा संसार त्याभोवती वाढला. व्याही म्हणाले, “म्हणजे तुमच्या गावचा कारखाना हाच.” शब्द जरा कडवट होता, पण खोटा नव्हता.

“बरं, पण पाहाचं काय?” हा प्रश्न त्यांनी लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाखाली उभं राहून विचारला. मार्केटची इमारत संस्थानी काळातली, देखणी, पण बाहेर फळांच्या, फुलांच्या गाड्यांची एवढी दाटी की ती नीट दिसायला मान बरीच वर करावी लागते. मी म्हटलं, “व्याही, मिरजेत पाहायचं थोडं आणि ऐकायचं जास्त. चला.” आणि सतारमेकर गल्लीत शिरलो.

गल्ली अशी काही खास नाही. दुतर्फा दुकानं, आत कारखाने, कारखाना म्हणजे घरातलीच एक खोली. पण वर बघितलं की माळ्यावर, आढ्याला, भिंतीला सगळीकडं भोपळेच भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे हे कडू भोपळे, भाजीच्या कामाचे नाहीत. पिकून वाळले की टणक होतात. हवा तो घेर, हवा तो आकार मिळेपर्यंत कारागीर भोपळे नुसते उलटेपालटे करून बघत असतो. मग कापणं, भिजवून आकार देणं, तुनाच्या लाकडाची दांडी, गळा, वर तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, खुंट्या, नक्षी, चपड्याचं पॉलिश. एकाच घरात एक भाऊ लाकूड तासतो, दुसरा नक्षी कोरतो, आणि तारा जोडून आवाज काढायचं काम बहुधा घरातल्या थोरल्याकडं.

ही घरं मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्यांची आणि धार लावणाऱ्यांची. तलवारींची मागणी संपली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडं गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात फरीदसाहेब शिकलगारांनी दुरुस्ती करता करता वाद्यच घडवायला घेतलं, असा इथला इतिहास. पुढं आडनावच सतारमेकर झालं. आता देशभरातले गवई तानपुरा म्हटलं की मिरजेकडं बघतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा कागद भिंतीवर छान दिसतो. पोरं धंद्यात टिकतील का, हा प्रश्न मात्र कागदानं सुटलेला नाही.

आम्ही बसलो तिथले कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा घासून आवाज जुळवत होते. व्याह्यांमधला इंजिनिअर इथं जागा झाला. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा दिसायला सपाट, पण त्याला जेमतेम कळेल एवढा उतार दिलेला असतो. तार त्या उताराला चाटत थरथरते, म्हणून नुसतं ‘टण्’ न होता आवाज उमलतो आणि एका तारेत आणखी स्वर ऐकू येतात. कारागीर कानसेचा एक हलका हात मारायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवून जागा बघायची.

“उतार किती मिलिमीटरचा ठेवता, भाऊ?” व्याह्यांनी विचारलं.

“कानाला लागंल तेवढा.”

“पण काही माप असन नं?”

“माप हाय की. अब्बांनी कान पिळून शिकिवलंय.”

व्याही मोठ्यानं हसले. मग कारागिरांनी चारही तारा जुळवून तानपुरा त्यांच्या कानाशी धरला. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. मी या गावात लहानाचा मोठा झालो, हा आवाज मला रिक्षाच्या भोंग्याइतकाच सवयीचा. व्याह्यांनी मात्र तो नवीनच ऐकला होता. म्हणाले, “आपली नात मोबाइलवर लावते तो काय असते मग?” आपली नात, म्हणजे त्यांचीही आणि माझीही. ती अकोल्यात गाणं शिकते आणि रियाजाला मोबाइलमधला तानपुरा लावते. कारागीर त्यावर काही वाईट बोलले नाहीत. “तेबी बरंच हाय, सुरात तरी ऱ्हातंय पोरगं,” एवढंच म्हणाले. मला विचाराल तर मोबाइलच्या त्या डबीनं निम्मी गिऱ्हाइकं नेली आहेत, आणि गावातले लोक सौजन्यापोटी हे पाहुण्यासमोर बोलत नाहीत इतकंच.

तिथून दर्ग्यात. ख्वाजा मिरासाहेबांचा दर्गा हे सगळ्या मिरजेचं ठिकाण. उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा चढतो, हा मान जुना आहे. आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब प्लेगच्या दुखण्यातून उठले ते इथं गायल्यानं, असं गाव मानतं. त्यांनी मिरजेतच घर केलं. १९३७ साली मद्रासकडच्या दौऱ्यात, प्रवासात असताना, एका छोट्या स्टेशनावर ते गेले आणि त्यांना मिरजेला आणलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात लोक थंडीत शाली पांघरून ज्या गाण्यासाठी बसतात, त्याची एक वाट दर्ग्याच्या आवारातल्या या चिंचेखालून जाते. उरुसात दर्ग्यात संगीत सभा होते. मोठमोठे गायक इथं येऊन हजेरी म्हणून गातात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असाच संगीत महोत्सव. तिकीट दोन्हीकडं नाही.

जाता जाता बालगंधर्व नाट्यगृह बाहेरूनच दाखवलं. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. त्यांच्या कानावरचे उपचारही वॉन्लेसांकडं झाले, असं गावात सांगतात. व्याही म्हणाले, “घ्या, त्यातही दवाखाना आलाच.”

दुपारी घरी खर्डा, भाकरी, आमटी. वऱ्हाडी माणसाला तिखटाचं भय घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दुसरा खर्डा मागून घेतला.

संध्याकाळी कृष्णाघाटावर गेलो. पलीकडं अर्जुनवाड, पात्रात जेमतेम पाणी, घाटावर पोहणारी पोरं. व्याही पायऱ्या मोजत बसले. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते मी दाखवलं, तर त्यांना पटेना. घाटावरच्या दोघा-तिघांना विचारून खात्री करून घेतली. मग अलमट्टी, कोयनेचा विसर्ग, यावर घाटावरच चर्चासत्र भरलं आणि मी निमूट भडंग खात बसलो.

तिथूनच त्यांनी अकोल्याला फोन लावला. तानपुरा घ्यावा म्हणतो, जनानी, नातीच्या पट्टीतला. पलीकडून आमच्या कन्येचा आवाज मलाही ऐकू येत होता. “बाबा, दोन खोल्यांत ठेवायचा कुठं? भोपळा फुटला तर? त्यापेक्षा ती लाकडी चपटी पेटीसारखी तानपुरी मिळते ना, ती घ्या.” फोन माझ्याकडं आला. मी व्याह्यांची बाजू घेतली. लेक म्हणाली, “तुम्ही तर बोलूच नका, माझा पेटीचा क्लास दोन महिन्यांत बंद केलात.”

सकाळी पुन्हा गल्लीत. कारागिरांनी चपटी तानपुरीही काढून दाखवली. हलकी, प्रवासाला सोयीची, आवाजही वाईट नव्हता. व्याह्यांनी डोळे मिटून दोन्ही वाद्यं ऐकली. नंतर म्हणाले, “भाऊ, भोपळ्याचाच करा. आणि ते वेलबुट्टी, पानं-फुलं थोडं कमी करा. पैसे जवारीवर लावा.” कारागिरांनी नातीची पट्टी विचारून वहीत लिहून घेतली. किल्ला बघायचा राहिला होता, पण व्याह्यांना त्याआधी लाकडी खोका कसा बांधतात ते समजून घ्यायचं होतं, त्यामुळं नरसोबाच्या वाडीची बस चुकली ती चुकलीच.