वाऱ्याचा येवा

धरणात येणारं पाणी नळाच्या मीटरसारखं मोजता येत नाही. तासाभरात साठा किती वाढला ते काढायचं, त्यात सोडलेलं पाणी मिळवायचं, तो येवा. म्हणजे सगळी भिस्त भिंतीलगतच्या मोजपट्टीवर.

जुलैतला दिवस, पुण्याजवळचं खडकवासला धरण भरत आलेलं. दुपारी दोनच्या नोंदीत पातळी ३ सेंटिमीटर जास्त. दरवाजे होते तसेच. पाण्याचा पसारा १० चौरस किलोमीटर धरला, तर १ सेंटिमीटरमागे तासाच्या हिशेबात जवळपास १ हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. कागदावर येवा एकदम ३ हजारांनी फुगला.

इथे घाई होते, कारण धरण लहान. पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, आणि या तिघांच्या खाली खडकवासला अवघं १.९७. वरून ४० हजार क्युसेक आले, तर रिकामं खडकवासलासुद्धा चौदा तासांत काठोकाठ. भरलेलं असताना तर हातात वेळच नसतो.

पण वरच्या तिन्ही धरणांचा विसर्ग सकाळपासून तोच होता आणि मधल्या पाणलोटातला पाऊसही किरकोळ. मग पाणी आलं कुठून? पश्चिमेचा वारा सुटला होता. जलाशय भिंतीपासून पश्चिमेकडे लांबवर पसरलेला. वारा सगळं पाणी भिंतीकडे रेटतो. मोजपट्टी पाइपात असली की लाटा दबतात, हा फुगवटा मात्र पाइपातही चढतो.

तेवढ्यावर दरवाजे उचलले असते, तर सेकंदाला ८५ हजार लिटर जादा पाणी मुठा नदीत, आणि खाली पुण्यात भिडे पुलाजवळ पात्रात लावलेल्या गाड्या. उचलायचे झालेच तर आधी भोंगा, महापालिका आणि पोलिसांना निरोप, मग मधले दरवाजे आधी. सगळे बोटबोटभर उचलणं चूक. फट बारीक असली की दरवाजा थरथरतो. त्यापेक्षा दोन-चारच, पण नीट उचलावेत. दोन्ही बाजूंचे वायर रोप सारखे ताणलेत का, यावर एकाची नजर हवीच, नाहीतर दरवाजा तिरका होऊन अडकतो.

दरवाजे तसेच ठेवले, नोंद मात्र दर पंधरा मिनिटांनी. साडेचारला वारा पडला आणि पातळी ३ सेंटिमीटर उतरली. आता गणित उलटं चुकणार होतं: येवा ३ हजारांनी कमी दिसणार. तेव्हा दरवाजे खाली घ्यायचीही घाई केली नाही. वहीत पातळीच्या रकान्याशेजारी वाऱ्याची दिशा लिहिली.