सँ-मालोला जाताना भरतीचा तक्ता जवळ ठेवा

आमचे अप्पा अलिबागचे. ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं आणि पाणी भरायच्या आत परतायचं, हे त्यांच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा हिशेब ते अजून तोंडी करतात. सप्टेंबरमध्ये, नेमक्या पुनवेला, आम्ही दोघं फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या सँ-मालोला पोचलो. समोरच्या ग्राँ बे बेटावर ओहोटीत चालत जाता येतं हे कळल्याबरोबर त्यांनी हिशेब मांडला. "पुनव, म्हणजे बाराच्या सुमाराला भरती. सहाला सुकती. चल."

सहाला गावाच्या तटबंदीच्या दरवाज्यातून बाहेर आलो तर वाट गायब. पाणी पायऱ्यांवर आपटत होतं आणि अजून चढतच होतं.

अप्पांचा हिशेब अलिबागपुरता बरोबर होता. सँ-मालोत पुनव-अवसेच्या आसपास भरती येते ती सकाळ-संध्याकाळी, उन्हाळी वेळेनुसार साधारण साडेसात ते नऊच्या दरम्यान. खोल ओहोटी भर दुपारी, दोन-तीनला. प्रवाशाच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे: उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपासच्या दिवसांत गेलात तर दुपारी बेटांवर चालत जाता येतं आणि संध्याकाळी तटावर उभं राहून लाटा बघता येतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत मात्र पाणी फार मागे हटत नाही. म्हणून आधी तिथी बघा, मग गाडीचं तिकीट काढा. सगळ्यात मोठं उधाण पुनव-अवसेनंतर दीड-दोन दिवसांनी येतं, आणि मार्च व सप्टेंबरमधलं वर्षात सर्वांत जोराचं.

भरतीचा तक्ता पर्यटन कार्यालयात किंवा हॉटेलात मिळतो. त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो, तो त्या भरतीचा जोर. ९५ च्या वर असेल तर मोठं उधाण समजा. तक्त्यात उन्हाळी वेळेचा तास मिळवलाय की नाही तेही विचारून घ्या. एका तासाची चूक इथे महागात पडते. मोठ्या उधाणाला इथलं पाणी बारा-तेरा मीटर चढतं, युरोपातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी ही एक. आणि ते सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी भरतं. म्हणजे तासाला तीन मीटर, मिनिटाला पाच सेंटिमीटर. तुम्ही फोटो काढेपर्यंत घोटा बुडतो. आमच्याकडे कुलाब्याला उशीर झाला तर घोडागाडी तरी मिळते. इथे अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावर बसून राहायचं, काही तास. पोहून यायचा विचारही करू नका.

पॅरिसच्या माँपारनास स्टेशनवरून थेट टीजीव्ही (वेगवान रेल्वे) आहे, सव्वादोन-अडीच तासांची. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. स्टेशनपासून तटाआतलं जुनं गाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर, वाट सपाट आहे. आत मात्र दगडी फरसबंदी, चाकांची बॅग खडखडत जाते. आम्ही तटाबाहेर, सियाँच्या लांबलचक पुळणीजवळ राहिलो. जरा स्वस्त पडलं. या पुळणीवर ओकच्या झाडांची खोडं रांगेने रोवलेली आहेत, लाटांचा जोर तोडायला. ओहोटीत त्यांच्यामधून फिरताना अप्पा प्रत्येक खोडाला हात लावून बघत होते.

तटावरची फेरी सर्वांत आधी करा. तिकीट नाही, जेमतेम पावणेदोन किलोमीटर, पण थांबत थांबत दीड तास सहज जातो. चढायला पायऱ्या आहेत, एकदा वर गेलात की चालणं सोपं. गुडघे दुखणाऱ्यांनी उत्तरेच्या बाजूने सुरुवात करून पश्चिमेची समुद्राची बाजू बघावी आणि उतरावं. बंदराकडची बाजू चुकली तरी चालेल. पश्चिमेच्या एका बुरुजावर जाक कार्तियेचा पुतळा आहे. १५३४ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेला दर्यावर्दी तो हाच, इथलाच. जरा पुढे रोबेर सुरकूफ, हात समुद्राकडे रोखून. हा फ्रेंच सरकारचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटायचा. १८०० मध्ये त्याने आपल्या बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे त्याच्या जहाजापेक्षा कितीतरी मोठं जहाज पकडलं. त्याआधी १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोनेही याच गावचा. परवान्याची गोष्ट ऐकून अप्पा म्हणाले, "म्हणजे इथे पुतळा, आणि आपल्या कान्होजींना इंग्रज चाचा म्हणणार!"

तटावरून आत बघितलं की राखाडी ग्रॅनाइटची उंच घरं, उतरती छपरं, धुराडी. तीनशे वर्षांपूर्वीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक अप्पांपेक्षाही लहान आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन इथे दडून बसले असताना अमेरिकन बाँब, तोफा आणि आगीत तटाआतलं सुमारे ८० टक्के गाव बेचिराख झालं. तट तेवढा उभा राहिला. नंतर लोकांनी जुन्या धाटणीवर गाव परत बांधलं. हे माहीत नसताना आत फिरलात तर गाव नुसतं देखणं वाटतं. माहीत असलं की प्रत्येक भिंतीपाशी पाय थबकतो. कॅथेड्रलमध्ये कार्तियेची कबर आहे, तिथे दहा मिनिटं शांत बसून घ्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता खिशात ठेवून एक वाजता ग्राँ बेला निघालो. बाँ-सकूरच्या पुळणीवरून दगडी वाट जाते, शेवाळाने निसरडी. सपाता घालून जाऊ नका, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. बेटावर शातोब्रियाँ या लेखकाची कबर, समुद्राकडे तोंड करून. साधा दगडी क्रूस, त्यावर नावसुद्धा नाही. शेजारच्या भिंतीवर एवढंच लिहिलंय की एका थोर फ्रेंच लेखकाला इथे फक्त समुद्र आणि वारा ऐकत विसावायचं होतं, त्याच्या इच्छेचा मान राखा. त्यापलीकडे पती बे, त्यावर छोटा किल्ला. ओहोटी पुरेशी खोल असेल तरच तिथे जा. ओहोटीची वेळ उलटली की काही न बघता परत फिरायचं, हा नियम आम्ही पाळला. अप्पांनी घड्याळ दोनदा तपासलं, कालचा अपमान त्यांच्या लक्षात होता.

दुसऱ्या अंगाला फोर नास्योनाल हा १६८९ चा किल्ला, तोही ओहोटीतच गाठायचा. उन्हाळ्याच्या मोसमात उघडतो, तिकीट आहे. त्यावर फ्रेंच झेंडा फडकत असेल तर समजा उघडा आहे. झेंडा नसेल तर वाळू तुडवत जायचे कष्ट घेऊ नका.

बाँ-सकूरलाच समुद्रात बांधलेला पोहण्याचा तलाव आहे. भरतीत तो पूर्ण बुडतो, सूर मारायचा काँक्रीटचा मनोरा तेवढा पाण्यातून डोकावतो. ओहोटीला भिंतीआड पाणी साठून राहतं. फुकट आहे, आणि भयंकर गार. मी कंबरेपर्यंत गेले आणि परत आले.

खायचं काय? गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं धिरडं, वर चीज, अंडं आणि हॅम. हॅम नको असेल तर "साँ जाँबाँ" म्हणायचं. कडक शाकाहारींनी तव्याला काय लावतात ते विचारावं, जुन्या पद्धतीत डुकराची चरबी लावतात. गोडात क्विन्-अमान घ्या, लोणी-साखरेने निथळणारा केक. एक तिघांना पुरतो. एरवी जेवणाच्या वेळा सांभाळा. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते सातपर्यंत. बेटावरून परतताना आमची पंचाईत झाली ती यामुळेच. शेवटी एका धिरड्याच्या दुकानाने वाचवलं.

तिसरा दिवस असेल तर बसने काँकालला जा, कालवं खायला. धक्क्यावर टोपल्या मांडून बसलेले विक्रेते समोरच फोडून, लिंबू देऊन ताटली हातात ठेवतात. कालवांना आकारानुसार नंबर असतात. नंबर जितका मोठा तितकं कालव लहान, तेव्हा पहिल्यांदा खाणाऱ्याने चार-पाच नंबर मागावा. रिकामे शिंपले खाली किनाऱ्यावर टाकायचे, तिथे त्यांचा थरच साचलाय. मोठ्या ओहोटीला समोरच्या पाण्यातून कालवांची शेती वर येते, ट्रॅक्टर थेट समुद्रतळावर फिरताना दिसतात.

यंत्रात रस असेल तर दिनार गावाच्या वाटेवरचं राँस नदीच्या मुखावरचं वीजकेंद्र बघा. १९६६ पासून भरती-ओहोटीवर चालतं, २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. रस्ताच त्याच्यावरून जातो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साडेआठला सियाँच्या बांधावर गेलो. वारा होता, लाटा बांधावरून उसळून रस्त्यावर पडत होत्या, पहिल्या मजल्याच्या काचांपर्यंत. स्थानिक लोक सहकुटुंब भिजायला आलेले. अशा वेळी गाडी तिथे लावू नका आणि बांधाच्या कडेला उभे राहू नका. कॅमेऱ्याला पिशवी हवी. आम्ही समोरच्या फुटपाथवर होतो, तरी दोघंही चिंब झालो. अप्पांनी खिशातून तक्ता काढला, तो ओला लगदा झाला होता. मग हॉटेलात परतल्यावर त्यांनी नवीन मागून घेतला, अलिबागला न्यायला.