थिरथिऱ्याची हजेरी

१२ जानेवारी, पुणे. ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही.

सकाळी ७.२०. थिरथिरा, हिवाळ्यात येणारा छोटा पक्षी, कुंपणाच्या भिंतीवर, नर. डोकं, गळा, छाती काजळी. पोट विटकरी नारिंगी. बसल्या बसल्या अंग झटकन खाली दबकवतो, लगेच शेपूट थरथरते. मातीत काही हललं की खाली झेप, टिपलं की परत तिथेच. चिरक या दुसऱ्या छोट्या पक्ष्याच्या नराशी त्याची गल्लत फार होते. चिरकाची शेपटी काळी, बहुतेक वेळा वर उभारलेली, तांबूसपणा फक्त बुडाखाली आणि पंखावर पांढरा डाग. थिरथिऱ्याची शेपटीच तांबूस, मधली दोन पिसं तेवढी गडद. मातकट मादीही या शेपटीवरूनच ओळखावी.

हा पाहुणा हिवाळाभर आपली ठरलेली हद्द धरून राहतो, म्हणून त्याची हजेरी मांडता येते. तो आला तो दिवस सगळेच लिहून ठेवतात. गेला तो दिवस मात्र बहुतेक वह्यांत सापडत नाही. एप्रिलात कधीतरी लक्षात येतं, की अरे, बरेच दिवस दिसला नाही. त्यासाठी मार्च लागला की रोज ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं, आणि शेजारी किती मिनिटं पाहिलं तेही. मिनिटं नसलेल्या ‘नाही’चा उपयोग शून्य. पक्षी नव्हता, की कुणी पाहिलंच नाही, हे पुढे कळत नाही.

पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परळातलं, म्हणजे पसरट भांड्यातलं, पाणी बदललं. परळ मातीचंच बरं. गुळगुळीत भांड्यावर पाय घसरतात. पाणी काठाशी बोटाच्या जाडीइतकं, मध्ये दोन इंचांच्या वर नको, मधोमध एक चपटा दगड. साबण न लावता काथ्यानं घासायचं, पाणी रोज ओतून टाकायचं; साचू दिलं तर डासांच्या अळ्या होतात. जागा झुडपापासून सहा-सात फुटांवर. अगदी लगत ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार उघड्यावर ठेवलं तर लहान पक्षी उतरायला बिचकतात.

आंब्याखालचा पालापाचोळा झाडायचा नाही, कितीही अस्ताव्यस्त दिसला तरी. त्यातच किडे, कोळी. नारिंगी डोक्याचा कस्तुर तिथली पानं उलटीपालटी करत फिरतो. वरच्या फांद्यांतून कोरडी ‘ट्रर्र’ ऐकू आली तर तांबुला हा छोटा पक्षी शोधावा: शेपटी वर उडवतो, तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. गळा नारिंगी नसला तरी तो तांबुला असू शकतो, कारण तो रंग फक्त प्रौढ नराला.

९.१५. पुण्याजवळचं कवडी, मुळा-मुठेवरचा बंधारा. चक्रवाक जोडीनं आणि थापटे, ही बदकं; लांब पायांचे शेकाटे, काठाला ठिपकेवाली तुतारी आणि धोबी हे छोटे पक्षी. हळदी-कुंकू बदकंही आहेत, पण ती इथलीच, पाहुण्यांत मोजू नयेत. थापटे चपटी चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत होते. एकाच्या फिरण्यानं वर आलेलं खाणं मागचा गाळून घेतो. थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यात धरावं आणि तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढे जावं. सूर्य पाठीशी ठेवला नाही तर सगळीच बदकं काळी दिसतात.

बंधाऱ्याला प्लास्टिक अडकलेलं. इतके पक्षी पाहून नदी सुधारली असं कुणी समजू नये. सांडपाण्याच्या गाळात अळ्या उदंड होतात, त्यांवर कितीतरी पक्षी जगतात. स्वच्छ पाणी लागणारा मासा त्या पाण्यात तगत नाही. नोंदीत संख्येखाली पाण्याचा रंग आणि वासही लिहिला.

संध्याकाळी ६.००. अंगण. पंधरा मिनिटं पाहिलं. भिंतीवर दयाळ. थिरथिरा नाही.