समीकरणं ठाऊक आहेत, मग गोंधळ कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्याख्यान संपलं की पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले आमच्या सोसायटीतले काका लिफ्टमध्ये हेच विचारतात आणि धाकटा दीर दर दिवाळीला. 'प्लाझ्माची समीकरणं तुम्हाला ठाऊक आहेत, तर गोंधळ येतो कुठून? आणि तो येणारच असेल, तर तुमच्या गणिताचा उपयोग काय?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आनंदाने देते. दुसरा अजून झोंबतो.

टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठीचं कड्याच्या आकाराचं यंत्र. त्यातला तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, भिंतींना लागू नये म्हणून चुंबकांनी कोंडतात. एवढं विचारणाऱ्यांना माहीत असतंच. म्हणून थेट बलरेषेवर येते. कड्याच्या आकाराच्या पोकळीत एक चुंबकीय बलरेषा धरा आणि तिच्या मागे फिरत राहा. दर फेरीला ती एका ठरलेल्या छेदात जिथे टोचेल तिथे ठिपका द्या. सगळं सुरळीत असेल तर ठिपक्यांचं एक बंद वळण उमटतं. अशी वळणं एकात एक असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, आणि आतल्या उष्णतेला बाहेर पडायचं तर हे पापुद्रे ओलांडावे लागतात. आता चुंबकाची एखादी कॉइल जराशी तिरकी बसली. ज्या पापुद्र्यावर रेषा मोजक्या फेऱ्यांत स्वतःलाच येऊन मिळते, म्हणजे फेऱ्यांचं गुणोत्तर २/१ किंवा ३/२ असं साधं असतं, तो पापुद्रा फुटतो आणि त्याच्या जागी बेटांची माळ तयार होते. शेजारशेजारच्या दोन माळा फुगून एकमेकींना भिडल्या की मधल्या रेषा वाट्टेल तिकडे भटकतात. भिडण्याचा हा निकष भौतिकशास्त्रज्ञ बोरिस चिरिकॉव्ह यांनी १९५९ मध्ये मांडला, तोही चुंबकीय सापळ्यांचाच विचार करताना.

यात कुठेही फासे टाकलेले नाहीत. प्रत्येक पाऊल ठरलेलंच असतं, फक्त सुरुवातीचा केसभर फरक फेरीगणिक पटीने वाढत जातो. गोंधळ येतो तो इथून. आणि तो सगळीकडे नसतो. एकाच चित्रात इथे शाबूत वळण, तिथे बेटं, मध्ये ठिपक्यांचा चिखल. 'व्यवस्था की गोंधळ?' असं कुणी विचारलं की मी विचारते, 'कुठल्या त्रिज्येवर?'

आता उपयोगाचं. पीएचडीनंतर एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. नाव सांगणार नाही. मी फळ्यावर केएएम प्रमेय मांडत होते. कोल्मोगोरोव्ह, आर्नोल्ड, मोझर या तीन गणितज्ञांच्या आद्याक्षरांवरून ते नाव. कोल्मोगोरोव्ह यांनी ते १९५४ मध्ये जाहीर केलं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला आर्नोल्ड आणि मोझर यांनी सिद्धता दिल्या. विक्षोभ, म्हणजे तिरक्या कॉइलसारखा बिघाड, पुरेसा लहान असेल, तर पुरेशी अपरिमेय, म्हणजे साध्या अपूर्णांकांपासून दूरची, गुणोत्तरं असलेले बहुतेक पापुद्रे टिकतात, जरासे वाकतात इतकंच. माझा सगळा प्रबंध या वाक्यावर उभा होता. समितीतल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांनी हात वर केला.

"पुरेसा लहान म्हणजे किती?"

मला आकडा माहीत होता. खगोलशास्त्रज्ञ मिशेल हेनॉं यांनी १९६६ मध्ये तो काढून दाखवला होता. आर्नोल्ड यांची सिद्धता जशीच्या तशी लावली तर विक्षोभ दहाचा उणे ३३३ वा घात, त्याहून लहान हवा. मी सांगितलं.

"लिहा ना. घात नको, शून्यं लिहा."

मी दशांश चिन्ह दिलं आणि शून्यं लिहायला लागले. फळ्याची ओळ संपली, खालच्या ओळीवर आले. मागे कुणीतरी हसलं. चहा आला, कपबश्या वाजल्या, आणि मी लिहितेच आहे. त्यांनी थांबा म्हटलं नाही. शेवटी मीच थांबले.

"आमची कॉइल मिलिमीटरांत चुकते, मॅडम. तुमचं प्रमेय आमच्या यंत्रात लागू कुठे होतं?"

मी जॉन ग्रीन यांचं काम सांगितलं. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेतला हा माणूस. चिरिकॉव्ह यांच्या प्रमाण नकाशात, म्हणजे अशा फेऱ्यांच्या एका सोप्या गणिती नमुन्यात, सुवर्ण गुणोत्तराचा, म्हणजे साध्या अपूर्णांकांपासून सर्वांत दूरच्या आकड्याचा, पापुद्रा सर्वांत शेवटी तुटतो आणि तोवर विक्षोभाचा आकडा ०.९७१६ च्या आसपास पोचलेला असतो, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. म्हणजे प्रत्यक्षात पापुद्रे कितीतरी दणकट असतात.

"दाखवलं की सिद्ध केलं?"

"संगणकावर दाखवलं."

"म्हणजे जे सिद्ध आहे ते उपयोगाचं नाही, आणि जे उपयोगाचं आहे ते सिद्ध नाही."

नोकरी मिळाली नाही. घरी परतताना बसमध्ये मनातल्या मनात त्यांना मी किती उत्तरं दिली! एकही धड नव्हतं, कारण गृहस्थ बरोबर होते.

तेव्हाच्या मला हा गोंधळ, म्हणजे केऑस, शत्रू वाटायचा आणि प्रमेय म्हणजे तटबंदी. आजची मी तिच्याशी भांडते. बाई गं, सॅन दिएगोच्या डीथ्री-डी टोकामॅकवर कडेचं चुंबकीय क्षेत्र जादा कॉइल लावून मुद्दाम बिघडवतात, कारण त्याने कडेवरचे उद्रेक दबतात आणि यंत्राच्या भिंती वाचतात. जर्मनीतल्या ग्रीफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये, म्हणजे टोकामॅकच्याच कुळातल्या पण पिळदार कॉइलच्या यंत्रात, कडेची बेटं आराखड्यातच आहेत. बाहेर पडणारी उष्णता ती ठरलेल्या पट्ट्यांवर नेऊन टाकतात. त्याच यंत्रात आतले पापुद्रे इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा क्षेत्रातली चूक लाखात एक भागाहूनही कमी निघाली. पण ती बाईही गप्प बसत नाही. 'कुठली गुणोत्तरं टाळायची आणि कुठली बेटं ठेवायची, हे आधी कुणी सांगितलं?' म्हणते. तिचंही खरं आहे. अर्थात अभियंत्यांना ते चाचपडत सापडलंच नसतं, असं छातीठोकपणे मीही म्हणणार नाही.

आणि त्या फळ्यावरच्या शून्यांचं काय झालं? २०१७ मध्ये फिगेरास, हारो आणि लुके यांनी संगणकाच्या मदतीने, पण पूर्ण काटेकोरपणे, प्रमाण नकाशातला सुवर्ण पापुद्रा ०.९७१६ पर्यंत टिकतो हे सिद्ध केलं. वरच्या बाजूने मॅकाय आणि पर्सिव्हल यांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की ६३/६४ च्या पुढे असा एकही पापुद्रा उरत नाही. हे वाचलं त्या संध्याकाळी मला तो फळा पुन्हा हवा होता. पण ते गृहस्थ काय म्हणाले असते तेही ठाऊक आहे: 'हे नकाशाचं झालं. माझ्या यंत्राचं?'

यंत्राचं आणखी अवघड आहे. गणितज्ञ हॅरॉल्ड ग्रॅड यांनी १९६७ मध्ये शंका मांडली की सममिती नसलेल्या, म्हणजे स्टेलरेटरसारख्या, कड्यात दाब असलेला प्लाझ्मा एकात एक गुळगुळीत पापुद्रे राखून समतोल धरूच शकत नाही, काही अपवाद सोडून. ही शंका आजवर ना सिद्ध झाली, ना खोटी ठरली. मला वाटतं ग्रॅड बरोबर असावेत. तसं असेल तर स्टेलरेटरच्या आखणीत सर्रास वापरली जाणारी व्हीमेक ही संगणक प्रणाली जे गृहीत धरते, म्हणजे एकात एक शाबूत पापुद्रे, तेच मुळात नाही. तरी सोमवारी मी तीच चालवणार आहे, कारण तिचे आकडे मापांशी जुळतात.