किल्ली

आज वर्गात युद्ध आणि विस्थापनावर सगळ्यांनी मिळून एकच लांब कापड रंगवायला घेतलं. आधी जो तो रणगाडे, धूर, काटेरी तारा काढत बसला. मग मी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या निर्वासित खेळाडूंसाठी केलेला झेंडा दाखवला. सीरिया सोडून आलेल्या यारा सईद या चित्रकर्तीचा. सगळा नारिंगी, त्यावर एकच काळा पट्टा. लाइफ जॅकेटचे रंग. तसलं जॅकेट तिने स्वतः घातलं होतं.

वर्ग गप्प झाला.

थोड्या वेळाने एकीने रणगाड्यावर पांढरा रंग फिरवला आणि तिथे घराची किल्ली काढली. शेजारच्याने काही न बोलता किल्लीला दोरा काढला, गळ्यात अडकवण्याएवढा लांब. २०२४ अखेर १२ कोटींहून जास्त माणसं विस्थापित होती, हे मी सकाळीच फळ्यावर लिहिलं होतं. तेव्हा कुणी मान वर केली नव्हती. आता दार काढायला मात्र कुणाचा हात धजेना. ती जागा आम्ही कोरीच ठेवली आहे.